‘श्वानदंश’ आणि पिल्लू
जनावरांपासून माणसांना होणारे रोग आणि आपले सांगणे-ऐकणे : एक अभ्यासलेख



आपल्या वार्तापत्रात आरोग्यावर लेख लिहायचा म्हटले की रोगाची माहिती, लक्षणे, उपाय अशी मांडणी करून आम्ही शिक्षक मोकळे होतो. या वेळी मात्र आमच्याच एका चुकीपासून सुरुवात करणे भाग आहे.

सहावीतल्या एका मुलाला मैदानामागच्या बोळात कुत्र्याचे पिल्लू चावले. पोटरीवर दोन बारीक दात, रक्ताचा एक थेंब. ‘बोळात खेळायला जाऊ नको’ असे घरी बजावलेले असल्यामुळे तो कोणाला काही बोलला नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच्या धाकट्या बहिणीने बाईंना सांगितले, “बाई, दादाला कुत्रं चावलंय, पण सांगू नका म्हणालाय.” चौकशी केली, तर ते पिल्लू दोन दिवसांपूर्वीच मेले होते. मुलाला तातडीने सरकारी दवाखान्यात नेले, उपचार सुरू झाले, सर्व डोस पूर्ण झाले आणि आज तो उत्तम आहे.

नंतर आम्ही त्याला विचारले, “अरे, आपल्या फलकावर एवढी मोठी सूचना लावली आहे, ती वाचली नाहीस का?” सूचना होती : ‘पिसाळलेल्या श्वानाने दंश केल्यास त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत.’ त्याने ती वाचली होती. तो म्हणाला, “सर, ते श्वान आहे. मला पिल्लू चावलं. आणि ते पिसाळलेलं नव्हतं, शेपटी हलवत होतं.”

आम्ही निरुत्तर झालो. सूचना आमची होती, अक्षर सुवाच्य होते, शुद्धलेखनही बिनचूक होते, पण ज्याच्यासाठी लिहिली त्याच्यापर्यंत ती पोहोचली नव्हती. त्याच्या आईने विचारलेला प्रश्न त्याहून जड होता. “मी रागावते म्हणून त्यानं लपवलं. मग चूक कोणाची?”

या लेखाचा विषय या दोन प्रश्नांतूनच निघाला आहे. जनावरांपासून येणाऱ्या रोगांवर औषध आहे, लस आहे, साबण आहे. तरीही माणसे दगावतात, कारण वेळेवर सांगितले जात नाही, समजेल असे सांगितले जात नाही, किंवा सांगणाऱ्याचे कोणी ऐकून घेत नाही.

हे रोग कोणते?

जे रोग जनावरांकडून माणसांकडे येतात त्यांना प्राणिजन्य रोग म्हणतात. माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी निम्म्याहून अधिक रोगांचे मूळ प्राण्यांत आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. जनावरांशी आपला संबंध रोजचा आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भातशेती आहे, घराघरांत दुधाचा रतीब आहे, गल्लोगल्ली कुत्री आहेत. पाडव्याला नटवून-सजवून मिरवलेल्या म्हशी पाहायला आपण सारे रस्त्यावर उभे राहतो. जनावरे आपल्या घरचीच माणसे आहेत, म्हणून त्यांना घाबरायचे नाही. त्यांच्यासोबत कसे राहायचे एवढे शिकायचे आहे.

आपल्या भागापुरते चार रोग लक्षात ठेवावेत.

पहिला रेबीज. कुत्रा, मांजर, माकड अशा प्राण्यांच्या लाळेतून चावा किंवा ओरखडा यांवाटे येतो.

दुसरा लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, घुशी, काही वेळा गुरे आणि कुत्री यांच्या मूत्रातून त्याचे जंतू पाण्यात व चिखलात उतरतात आणि आपल्या पायावरच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगून शिवारात पाणी पसरते, तेव्हा त्या पाण्यात अनवाणी उतरणाऱ्यांना याचा धोका असतो. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात बेळगाव-निपाणी भागाने असे पाणी घरादारांत पाहिले आहे. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, कधी कावीळ ही याची लक्षणे. लवकर निदान झाले तर औषधाने बरा होतो.

तिसरा ब्रुसेलोसिस. म्हैस किंवा गाय गाभडली तर पडलेले वासरू आणि वार उघड्या हातांनी उचलल्याने, तसेच कच्चे दूध प्यायल्याने हा होतो. येऊन-जाऊन असणारा ताप, घाम, सांधे व कंबर दुखणे यांत महिने जातात आणि ‘अंगात कसर आहे’ म्हणून दुर्लक्ष होते. दूध उकळून पिणे आणि कालवडी-पारड्यांना लहानपणीच लस टोचून घेणे हे उपाय आहेत.

चौथा माकडताप. जंगलातील गोचिडीच्या चाव्यातून येणाऱ्या या तापाविषयी पुढे सविस्तर सांगू.

रेबीज : वेळ हाच उपाय

रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात, काही वेळा आठवडाभरच, तर क्वचित वर्षाहून अधिक काळ. तो मेंदूत पोहोचून पाण्याची भीती वगैरे लक्षणे दिसू लागली की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. पण तो वाटेवर आहे तोवर त्याला अडविता येते, आणि तेही खात्रीने. उपचार वेळेवर आणि पुरे घेतले तर रेबीज टळतो. म्हणून चावल्यापासून दवाखान्यात पोहोचेपर्यंतचे तास मोलाचे असतात. आमच्या विद्यार्थ्याने असे चार दिवस गमावले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात आणि त्यांतील सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. मुलेच का? ती कुत्र्यांशी खेळतात, त्यांची उंची कमी असते, आणि आणखी एक कारण आता आपल्याला ठाऊक झाले आहे. ती घरी सांगत नाहीत.

न सांगण्यामागे इंजेक्शनची भीतीही असते. ‘पोटात चौदा सुया’ हे वाक्य आपल्याकडे अजून घराघरांत ऐकू येते. एके काळी ते खरे होते. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात दिली तर पाच वेळा (पहिला दिवस धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी) आणि त्वचेत दिली तर चार वेळा (०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी) घ्यायची असते. रक्त आलेला चावा असेल तर जखमेत व तिच्याभोवती आणखी एक औषध, इम्युनोग्लोब्युलिन, टोचतात. ते पहिल्याच भेटीत मागून घ्यावे. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

इथे आपल्या गावची एक आठवण सांगण्यासारखी आहे. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या नावाचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? ब्रिटिश काळात येथे देवीची लस तयार करीत. वासरांच्या कातडीवर तिचे द्रव्य वाढवीत आणि ते दूरदूर पाठवीत. पुढे तेथे रेबीजची लसही तयार होई. ज्या रोगांविषयी आपण बोलतो आहोत त्यांच्याशी झुंजण्याचे काम आपल्या हाकेच्या अंतरावर चालत होते. मैदानावर आता जाल तेव्हा झाडांखाली क्षणभर हे आठवा.

चौकट : कुत्रा, मांजर, माकड चावले किंवा ओरबाडले तर

१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण १५ मिनिटे वाटतात त्याहून लांब असतात.
२. घरात असेल तर जंतुनाशक लावावे. हळद, तिखट, चुना, तेल, कॉफीची पूड यांपैकी काही लावू नये. जखम घट्ट बांधू नये.
३. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ‘कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवू, मग बघू’ असे करू नये. नजर ठेवावी, पण उपचार आधी सुरू करावेत.
४. पिल्लू असो, पाळलेले असो, शेपटी हलविणारे असो, नियम तोच.
५. डोसच्या तारखांना घरच्या कालनिर्णयावर गोल करावा. जखम भरली म्हणून शेवटचा डोस चुकवू नये.
६. उशीर झाला असला तरीही जावे. दिवस उलटले म्हणून घरी बसू नये.

प्लेगच्या सालातला धडा

सांगण्याची रीत चुकली तर काय होते, हे आपल्या इतिहासात एकदा फार दुःखदायक रीतीने घडून गेले आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. १८९७ च्या आरंभी तो पुण्यात फोफावला आणि त्या वर्षांत आपल्या भागापर्यंतही आला. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग, तो पिसवांमार्फत माणसात येतो. पिसवांचा हा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत काम करताना १८९८ मध्ये दाखवून दिला. पण ‘उंदीर पडू लागले की घर सोडावे’ हे शहाणपण आपल्या लोकांत होतेच. गावे सोडून माणसे माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. त्या काळी शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव ब्रिटिश अंमलात होते. मध्ये एवढीशी हद्द, पण उंदरांना ती ठाऊक नव्हती.

पुण्यात सरकारने प्लेग आवरण्यासाठी रँड यांच्या हाताखाली समिती नेमली आणि घरांच्या झडतीला गोरे सोल्जर पाठविले. रोग्याला वेगळे करणे, घर धुऊन काढणे हे उपाय वैद्यकदृष्ट्या गैर नव्हते. पण ते सांगितले कोणी? परक्या भाषेत बोलणाऱ्या, बूट घालून देवघरात शिरणाऱ्या शिपायांनी. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले, मृत्यूसुद्धा लपवू लागले. जो रोग उघड झाला असता तो बंद दारांआड वाढला. लोकांचा संताप इतका पेटला की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षी, त्याच पुणे परिसरात दुसरेही एक काम चालले होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालविला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणीत. आपल्या माणसाने, आपल्या भाषेत, हाताला धरून ‘चल’ म्हटले तर रोगी उठून येतो. या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, हुबळीत हजारो लोकांनी हाफकिन यांनी शोधलेली प्लेगची लस टोचून घेतली. हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती, हे येथे लक्षात घ्यावे. ‘तू घे’ म्हणण्यापूर्वी ‘मी घेतली’ म्हणणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

प्लेगचा धडा हा, की दरारा दाखवला की माणसे लपवतात आणि लपवले की रोग पसरतो. तो धडा सरकारला जसा लागू आहे तसाच शाळेला आणि घरालाही लागू आहे. बोळात गेल्याबद्दल रागावण्याच्या भीतीने चावा लपविणारा आमचा विद्यार्थी आणि दारात सोल्जर उभा म्हणून रोगी लपविणारे घर यांत फार अंतर नाही.

माकडताप : तीन राज्यांतून फिरणारा रोग

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत लोकांना एकाएकी ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यामागचा नवा विषाणू शोधून काढला. जंगलाच्या नावावरून रोगाला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ म्हणतात. आपण माकडताप म्हणतो. हे नाव थोडे फसवे आहे. माकड माणसाला हा रोग देत नाही. माकड आणि माणूस दोघांनाही तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, म्हणून मेलेले माकड ही धोक्याची घंटा आहे. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा ताप होत नाही, त्यामुळे रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

बरीच वर्षे हा रोग शिमोगा आणि त्याच्या आजूबाजूलाच आहे असे समजत. मग २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावात आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील केर गावात तो आढळला. २०१६ मध्येच बेळगाव जिल्ह्यातून काजूच्या हंगामात गोव्याला कामाला गेलेल्या मजुरांतही हा ताप निघाला.

आता विचार करा. आपल्या पश्चिमेकडील खेड्यांतून माणसे उन्हाळ्याच्या तोंडावर काजू वेचायला घाट उतरून जातात. पाचोळ्यात बसून काम करतात, तेथे बारीक गोचीड चावते, जी डोळ्यांना धड दिसतही नाही. साधारण आठवडाभरात ताप चढतो. तोवर माणूस घाट चढून घरी आलेला असतो. गावचा डॉक्टर बेळगाव जिल्ह्यातला, गोचीड गोव्यातली, आणि मेलेल्या माकडाची बातमी तिकडच्या वर्तमानपत्रात मराठीत वा कोकणीत, इकडच्या कचेरीत कन्नडमध्ये. अशा वेळी ‘डॉक्टर, मी काजूच्या बागेत कामाला गेलो होतो’ एवढे एक वाक्य रोग्याने सांगितले, किंवा ‘कुठे कामाला गेला होता?’ एवढे डॉक्टरांनी विचारले, तर योग्य तपासणी वेळेत होते. ते वाक्य राहून गेले तर साधा ताप म्हणून गोळ्या घेत दिवस जातात आणि काही रोग्यांत रक्तस्राव सुरू होतो. या रोगावर नेमके औषध नाही, वेळेवर दाखल करून काळजी घेणे हाच आधार आहे. पूर्वी देत असलेली लस पुरेशी परिणामकारक नसल्याने २०२२ मध्ये बंद झाली. तेव्हा गोचीड चावू न देणे हेच खरे. पूर्ण अंग झाकणारे कपडे घालावेत, उघड्या अंगाला गोचीडरोधक तेल लावावे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवावेत. डिसेंबर ते मे हे महिने विशेष जपण्याचे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता पंचायतीला, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

आपल्या शाळेतील ज्या मुलांचे मामा, काका, आजोळचे लोक अशा कामाला जातात, त्यांनी हे घरी वाचून दाखवावे.

न सांगणे वाईट, तसे भलतेच सांगणेही वाईट

२००६ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. भारतातील ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पण त्याबरोबर अशी धास्ती पसरली की शेकडो मैल दूरच्या गावांतही लोकांनी अंडी टाकून दिली. नीट शिजवलेल्या अंड्यामांसाने हा रोग होत नाही, हे सांगणारा आवाज अफवेपेक्षा हळू चालला आणि कितीतरी कुक्कुटपालकांचे संसार उघड्यावर आले.

२०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकात गुरांना लंपी त्वचारोग झाला. अंगावर गाठी आलेली जनावरे पाहून ‘दूध पिऊ नका’ असे निरोप मोबाइलवरून फिरू लागले. वास्तविक लंपी हा माणसांना होणारा रोग नव्हेच. दूध उकळून प्यावे हा नेहमीचाच नियम पुरेसा होता. शेतकऱ्याचे जनावर गेले आणि वर रतीबही तुटला.

म्हणून विद्यार्थ्यांनी एक सवय लावून घ्यावी. निरोप पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले? त्याला हे कसे कळले? आणि हे खोटे ठरले तर कोणाचे नुकसान होईल?

भाषा : आपल्या दारातला प्रश्न

आपल्या गावात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरे शेजारी-शेजारी नांदतात. कुत्रे ज्याला चावते त्याची भाषा विचारत नाही. मग सूचना एकाच भाषेत कशी पुरेल? आजीला मराठी येते पण वाचता येत नाही, शेजारच्या अज्जीला कन्नड येते पण फलकावरचे सरकारी कन्नड कळत नाही. या सर्वांच्या मध्ये उभी असतात ती आपली मुले. शाळेत ती तीन भाषा शिकतात. दवाखान्यात आजीसोबत जाऊन डॉक्टरांचे बोलणे तिला समजावून सांगणारे नातवंड आम्ही अनेकदा पाहिले आहे. हा बोजा नाही, हा मान आहे. पण त्यासाठी मुलांना विषय नीट कळलेला असला पाहिजे.

आमची जुनी सूचना आम्ही फलकावरून काढली. मुलांनाच नवी लिहायला सांगितली. त्यांनी लिहिले : ‘कुत्रं, मांजर, माकड चावलं? पिल्लू चावलं? नुसता ओरखडा आला? साबणानं धुवा. आजच सांगा. कोणी रागावणार नाही.’ शेवटचे वाक्य आम्हाला सुचले नसते. ‘चावलं’ ऐवजी ‘चावले’ लिहावे का यावर शिक्षक-खोलीत थोडी चर्चा झाली. जसे बोलतो तसेच राहू द्यावे असे ठरले. आता ही सूचना मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही लिपींत लागली आहे. कन्नड व उर्दू मजकूर त्या घरांतील पालकांनी लिहून दिला, याबद्दल त्यांचे आभार.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण

आपण काही अशक्य मागत नाही याचा दाखला जवळच आहे. गोव्यात राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून गेल्या दशकात मोठे काम केले. गावोगावी जाळी घेऊन फिरणाऱ्या पथकांनी कुत्र्यांना लस टोचली. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, हे सूत्र त्यामागे होते. संशयास्पद कुत्रे दिसले तर कळविण्यासाठी दूरध्वनीची सोय केली. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शाळाशाळांतून जाऊन मुलांना धडे दिले : कुत्रा जेवत, झोपत किंवा पिल्लांजवळ असेल तर त्याच्या जवळ जाऊ नका, अंगावर आला तर पळू नका, झाडासारखे स्तब्ध उभे राहा, चावला तर धुवा आणि सांगा. २०१८ पासून पुढची काही वर्षे तेथे माणसाच्या रेबीजची नोंद झाली नाही आणि २०२१ मध्ये गोवा देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांना मारून हे साधलेले नाही. लस, नोंद आणि संवाद यांनी साधले आहे. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज देशातून हटवावा असे भारताचेही उद्दिष्ट आहे.

आपण काय करावे?

पालकांना विनंती : मूल ‘मला कुत्रं चावलं’ म्हणत आले तर पहिला शब्द ‘तिथे कशाला गेलास?’ हा नसावा. ‘बरं झालं सांगितलंस’ हा असावा. कुठे, कसे, का, हे सारे जखम धुताना विचारता येते. त्यासाठी १५ मिनिटे आहेतच.

विश्वस्त मंडळींना विनंती : मैदानाच्या कडेला एक नळ आणि तेथे कायम साबण असावा. कार्यालयात प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या सरकारी दवाखान्याची वेळ व दूरध्वनी क्रमांक दर्शनी भागात असावा. वर्षातून एकदा, २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास, पशुवैद्यक आणि डॉक्टर यांना एकाच व्यासपीठावर बोलवावे. जनावरांचा डॉक्टर आणि माणसांचा डॉक्टर एकत्र बसले तर अर्धे काम होते. खर्च थोडा आहे.

गल्लीतील पंच मंडळी, महिला मंडळे आणि युवक मंडळे यांना विनंती : गणेशोत्सवात आपल्या मांडवात सारी गल्ली जमते. आरतीनंतरची पाच मिनिटे या विषयासाठी द्यावीत. जेथे कोणाचेच ऐकत नाहीत अशी माणसेही पंचांचे ऐकतात.

आम्ही शिक्षकांनीही एक नियम केला आहे. चावा, ओरखडा, साचलेल्या पाण्यात पडणे यांपैकी काहीही सांगायला आलेल्या मुलाला त्या दिवशी कोणतीही शिक्षा होणार नाही, मग तो कोठेही आणि कोणाची परवानगी न घेता गेलेला असो.

स्वाध्याय (इयत्ता ५ वी ते १० वी)

१. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा : कुत्रे चावल्यावर पूर्वी काय करीत? त्यातले काय बरोबर होते आणि काय सोडून द्यावे?
२. तुमच्या गल्लीत गाय, म्हैस, कुत्रे, मांजर पाळणारी घरे किती आहेत? त्यांपैकी किती जनावरांना लस दिली आहे? चौकशी करताना कोणाला दोष देऊ नका, फक्त लिहून आणा.
३. शेतात काम करणाऱ्या एका व्यक्तीशी बोला. चिखलात उतरताना पायांना काय घालता, जखम असेल तर काय करता, हे विचारा.
४. ‘दूषित जलाशी संपर्क टाळावा’ ही सूचना तुमच्या आजीला कळेल अशा शब्दांत लिहा. मग तिला वाचून दाखवा. तिने ‘म्हणजे काय?’ विचारले तर पुन्हा लिहा.
५. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी वरील चौकट घरी मोठ्याने वाचून दाखवावी आणि ऐकणाऱ्याने विचारलेला एक प्रश्न वर्गात आणावा. उत्तरे आम्ही डॉक्टरांना विचारून पुढील अंकात देऊ.

शेवटी त्या मुलाविषयी थोडेसे. अठ्ठाविसाव्या दिवशीचा डोस घेऊन तो शाळेत आला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्याने मात्र बहिणीकडे बोट दाखवले. तिसरीतल्या त्या मुलीने आपल्या दादाचा शब्द मोडला आणि त्याला वाचवले. गुपित राखणे हा चांगला गुण आहे, पण हे गुपित राखण्यासारखे नव्हते, हे तिला कोणी न शिकवता कळले. आम्हा मोठ्यांना ते कळायला एक पिल्लू चावावे लागले.